तळघरातला फ्रिज आणि माझं दही

चहाचा कप आधी खाली ठेवा. माझी ही फजिती ऐकताना लोकांना ठसका लागतो, मग मलाच पाठ चोळावी लागते!

अमेरिकेत ईडन प्रेरीला लेकाकडं गेलो होतो, ऐन थंडीत. आमच्या संदीपला तिथं घरी बिअर करायचा नाद. पिंप गार राहावं म्हणून तो ते बाथटबात पाण्यात बसवायचा, भोवती बर्फाच्या बाटल्या. सूनबाई वैतागायची, "मी अंघोळ कुठं करू? पिंपाच्या मांडीवर?"

शेवटी त्यानं एक जुना फ्रिज आणून तळघरात ठेवला. बाहेर एक डबी, डबीतून आत गेलेली वायर, अन् तिचं टोक पिंपाला चिकटवलेलं.

"अप्पा, आता टेंपरेचरचं टेन्शनच नाही! पासष्ट फॅरनहाइट म्हणजे पासष्ट, आपल्याकडचे अठरा; ही डबीच फ्रिज चालू-बंद करते. शनिवारी बॉस चाखायला येतोय. तो स्वतः बिअर करतो. मागची फेकून द्यावी लागली, आता इज्जतीचा सवाल आहे."

मला काय कळतंय त्यातलं? माझं दुखणं वेगळंच. त्या थंडीत दही लागत नव्हतं हो! दोनदा विरजण लावलं, दूध आपलं जसंच्या तसं.

गुरुवारी तळघरात गेलो अन् ती वायर डोळ्यांत भरली. म्हटलं, अरे, हा तर रॉड! आपण बादलीत पाणी तापवायला सोडतो ना, त्याचंच बारकं पोर. आंबवायचं म्हटलं की ऊब हवीच, नाही का?

बोट लावलं, गार. म्हटलं, तापायला वेळ लागत असेल. हळूच वायर सोडवली, बाहेर ओढली अन् कोमट दुधाच्या पातेल्याला बांधली. वरून माझ्या अंगावरची गोधडी गुंडाळली. पिंपाला दोन दिवस ऊब नाही मिळाली तर मरतंय थोडंच?

शुक्रवारी दही काय लागलं म्हणता! सुरीनं कापावं असं. लगेच दुसरं पातेलं लावलं.

शनिवारी साहेब आला. संदीपनं ऐटीत फ्रिज उघडला, पिंपाचं झाकण काढलं. आत बर्फ!

"डबी सत्तर दाखवतेय आणि आत बर्फ? मशीनच फॉल्टी आहे यार!" पोराचा चेहरा एवढासा झाला.

मी पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे रे. यंत्रच ते, त्याचा काय भरवसा?"

पण पाहुण्याला कोरड्या तोंडानं कसं पाठवायचं? बिअरच्याच मोठ्या मगांत ताक घेऊन आलो, जिरं-कोथिंबीर घालून. साहेबानं एक मग संपवला, दुसरा मागितला, अन् संदीपला काहीतरी विचारलं.

"अप्पा, तो म्हणतोय, दही इतकं मस्त कसं लागलं? टेंपरेचर कसं कंट्रोल केलंत?"

छाती फुगली माझी! कोपऱ्यातली गोधडी उचलली, वायर धरून दाखवली. "हे काय, तुझ्याच रॉडनं!"

साहेबाला भाषांतर लागलंच नाही. भिंतीला टेकून हसत सुटला तो!

संदीपनं कपाळाला हात लावला. "अप्पा, ती वायर तापवत नाही, नुसती मोजते! ताप तुमच्या दह्याला, अन् मशीन दोन दिवस बिअरला बर्फ लावत बसलंय!"

साहेब डोळे पुसत म्हणाला म्हणे, मशीन एकदम चोख आहे, पुढच्या पिंपाला मी पुन्हा येईन. तेव्हा कुठं पोराच्या जिवात जीव आला.

मी मात्र गोंधळलो. "मग दही लागलं कशानं रे?"

जिन्यावरून सूनबाई म्हणाली, "गोधडीनं, अप्पा!"

घ्या! आधी दोनदा दही बिघडलं, तेव्हा ती गोधडी पांघरून घोरत कोण होतं? मीच की!