मांडवाचा ताण

परवा बायकोनं साताऱ्याच्या बाजारात लिंबं आणायला धाडलं आणि मी काथ्याचा दोर घेऊन घरी आलो. दोष त्या नव्या दोराच्या वासाचा. तो नाकात शिरला आणि मी थेट सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात, आटपाडीला सासऱ्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

धाकट्या मेव्हणीचं लग्न होतं. मांडवाचे बांबू आणि ताणाचे दोर तासगावहून बैलगाडीच्या एकाच खेपेत यायचे होते. दोर तोकडे पडले तर तिकडच्या वाऱ्यात मांडव वऱ्हाडाच्या डोक्यावर येणार. किती लांबीचे आणायचे, यावर भावकीत वाद पेटला. "मी सांगतो," म्हणालो. मेव्हणा हसला, "दाजी, तुमी मॅट्रिकला भूमितीतच गचकला न्हवं का?"

खरंच होतं. तरी मी काटकीनं धुळीत काटकोन काढला. बांबू आठ हात उंच, खुंटी त्याच्या बुडापासून सहा हातांवर. आठाचा वर्ग चौसष्ट, सहाचा छत्तीस, मिळून शंभर, वर्गमूळ दहा; म्हणजे बांबूच्या टोकापासून खुंटीपर्यंत दहा हात. गाठींना दोन हात धरून मी बारा हातांचे दोर सांगितले आणि गाडी परतेपर्यंत तीच आकडेमोड धुळीत पुन्हा पुन्हा करत राहिलो.

बांबू उभा राहिला. मेव्हण्यानं दोर खुंटीला ओढून गाठ मारली, वर चार बोटं शेपूट उरलं. लग्नात वारा लय सुटला, मांडव जागचा हलला नाही. सासरे पाहुण्यांना हाताला धरून दाखवत होते, "ह्यो ताण आमच्या जावईबापूंनी काढलाय." आज ते शाळकरी पोराचं गणित वाटतं, पण छाती तशी पुन्हा कधी फुगली नाही.

त्या लग्नाच्या पंगतीत बायको माझ्या पानात वाढताना हळूच म्हणाली, "आवं, मग त्या मॅट्रिकच्या पेपरात बी मांडवच काढायचा हुता की."