निळ्या पाण्याचं हिरवं पाणी

पंचेचाळिशी उलटली की बाकीच्या बायका गुडघ्यांची काळजी घेतात. मी पीएचडीला नाव घातलं. गुडघे दुखायचे ते दुखलेच.

नेरुळच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. माझा संशोधनाचा विषय म्हणजे कोलंबीची टरफलं. ती आधी आम्लात, मग कॉस्टिक सोड्यात धुवायची, त्यांची भुकटी करायची, आणि ती भुकटी रंगाईच्या सांडपाण्यात टाकली की तिनं पाण्यातला रंग ओढून घ्यायचा. सांगायला दोन वाक्यं लागतात, करायला माझे किती मे महिने गेले ते विचारू नका. सांडपाणी पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीतला एक छोटा कारखानदार कॅनमध्ये भरून द्यायचा, शाईसारखं निळं. टरफलं मी बाजारातून आणायचे, आणि सुरुवातीला पाणी बऱ्यापैकी फिकं व्हायचंही.

मग ही बातमी मोऱ्याला पोचली. उरणजवळच्या या कोळीवाड्यात माझं सासर. मोठ्या जाऊबाई मासळी विकतात. त्यांच्या पडवीत रोज कोलंबी सोलली जात असताना धाकट्या जावेनं परक्या बाईकडून टरफलं मागून आणावीत, हे त्यांना फार लागलं. तेव्हापासून माझा नवरा, जो उरणच्या एका गोदामात नोकरी करतो, दर आठवड्याला येताना पिशवी आणायला लागला. आत जुन्या ओढणीत बांधलेली, धुऊन वाळवलेली टरफलं. त्यांना वासही फारसा नसायचा. मी मूळची साताऱ्याकडची, लग्नानंतर वर्षभर मोऱ्याला नाकाला पदर लावून वावरलेली. आता वास जाणवत नाही म्हणजे आपलं नाक शेवटी कोळ्यांचं झालं, असं मी कौतुकानं नवऱ्याला सांगितलं.

"मला येतो," तो म्हणाला. "फ्रीज उघडला की तुझ्या पीएचडीचा वास येतो."

आणि तिथून सगळं बिघडलं. भुकटी निळ्या पाण्यात घालून ढवळली, तर पाणी फिकं होण्याऐवजी हिरवं झालं. मी बाटल्या बदलल्या, आम्ल बदललं, कारखान्याच्या कॅनवर संशय घेतला, रंग मोजायच्या यंत्रावर घेतला. हिरवं ते हिरवंच. भुकटीला पिवळट झाक होती हे दिसत होतं. सोड्यात टरफलं पडली की सोडा लालभडक व्हायचा, हेही दिसत होतं. पण कोलंबी शिजली की लाल होतेच, तेव्हा हा तिचाच रंग, असं मी आधी स्वतःला आणि मग माझ्या गाइड सरांना पटवून दिलं. सर माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान आहेत, त्यामुळे फार आदरानं रागावतात.

"मॅडम," ते म्हणाले, "आपल्याला रंग काढायचा आहे. बदलायचा नाही."

जुलैच्या बैठकीत समितीला काही दाखवता आलं नाही तर विषय बदलावा लागेल, असंही त्यांनी हळूच सांगितलं. या वयात विषय बदलणं म्हणजे काय हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. घरी येऊन मी कुकर लावला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, पण त्यालाही थोडा जोर लागतो.

त्याच रविवारी नवऱ्यानं पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं. मी मोरीत बसून डागावर साबण घासला. डाग लाल झाला.

लग्न झाल्यापासून मी हळदीचे डाग साबणानं लाल करत आले आहे. साबणातला सोडा हळदीला लाल करतो, हा प्रयोग दर वर्षी वर्गात करून दाखवते, मुलं टाळ्यासुद्धा वाजवतात. आणि तीच मी प्रयोगशाळेत महिनोन् महिने लाल सोड्याकडे बघत कोलंबीचं कौतुक करत होते. शर्ट तसाच बादलीत टाकला आणि उरणची बस पकडली.

जाऊबाई पडवीत सोलायलाच बसल्या होत्या. हळदीचं विचारलं, तर त्यांना चोरी पकडल्यासारखं मुळीच वाटलं नाही, उलट कळी खुलली. टरफलांच्या प्रत्येक मुठीला त्या हळद-मीठ चोळत होत्या, घरी खायच्या कोलंबीला चोळतात तसं, आणि मग धुऊन पत्र्यावर वाळवत होत्या.

"वास मारनारा माल तुज्या कालेजान कसा पाठवू गो बाय?" त्या म्हणाल्या. "लोका तुला नावा ठेवतील. आन हलद चांगली हाय, घरान कुटलेली."

मी शक्य तेवढ्या हळुवारपणे सगळं समजावलं. निळ्यात पिवळं मिसळलं की हिरवं होतं, इथवर त्यांनी ऐकून घेतलं. मग हातातली कोलंबी सोलून टोपलीत टाकली.

"मंग मी काय करू?"

"नुसती पाण्यानं धुवा, ताई. वास येऊ दे."

त्यांना ते पटलं नाही. पण जूनपासून होड्या बंद होणार, मग ऑगस्टपर्यंत ताजी कोलंबी नाही, हे माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळत होतं. त्यांनी एक पाट माझ्याकडे सरकवला. संध्याकाळपर्यंत माझी बोटं सोलवटली होती, आणि त्यांच्या तीन कोलंब्यांमागे माझी एक होत होती. परतीच्या बसमध्ये पिशवीनं असा काही दरवळ सोडला की माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. पाय पसरून आले. नाक कोळ्यांचं झालेलं नाही, हेही कळलं.

नवी भुकटी पांढरी निघाली. पाणी पूर्ण स्वच्छ झालं नाही, पण फिकं झालं. सरांनी बाटली उजेडाला धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "हिरवं नाही." समितीनं विषय तसाच ठेवला, एक वर्ष आणखी दिलं. मला आनंदापेक्षा ते वर्षच जास्त दिसलं.

जाऊबाईंना फोन करून सांगितलं. पाणी पिता येईल का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटलं.

"मंग एवरा करून काय?"

काही म्हणायचं म्हणून मी म्हटलं, हे पाणी शेवटी खाडीतच जातं, ताई.



"आपले खारीन?"

"हो."

"मंग कर," त्या म्हणाल्या. "होड्या सुटल्या का टरफला देतंय. बिगर हलदीची."