अठ्ठावन्नाव्या वर्षी सासरी

आरमोरीच्या बसस्थानकावर मला सोडायला सून आली, मुलगा प्रवीण आला नाही. सकाळची गडचिरोलीची गाडी होती. वैशालीने माझी पिशवी वर चढवून दिली, डबा हातात दिला आणि खिडकीखाली उभी राहिली. गाडी सुरू झाली तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, पोचल्यावर फोन करजा. मले करजा, त्यायले नको." मी मान हलवली. स्टँडवर ओळखीचे दोन-चार जण होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं की गावात अनोळखी कोणी उरत नाही. त्यांच्यातल्या कोणीही मला कुठे निघालात म्हणून विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. बाई निवृत्त झाल्या आणि लग्न करायला निघाल्या.

प्रवीणचे बाबा जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. ते गेले तेव्हा प्रवीण कॉलेजात होता. त्याचं शिक्षण, नोकरी, लग्न, मग नात मैत्रीचा जन्म, यात मला माझ्याकडे बघायला सवड नव्हती, आणि सवड नव्हती म्हणून बरंच होतं.

लग्नाच्या दोन वर्षं आधी बहिणीच्या ऑपरेशनसाठी मी गडचिरोलीच्या दवाखान्यात अठरा दिवस राहिले. शेजारच्या खाटेवर राज्याच्या सीमेवरच्या सिरोंच्याची एक म्हातारी होती. खुब्याचं हाड मोडलेलं, नजर अधू, आणि तेलुगूशिवाय दुसरी भाषा नाही. तिचा मुलगा सोबत होता. समय्या. एसटीत ड्रायव्हर होता, नुकताच निवृत्त झालेला. बायको फार आधी वारलेली, मूलबाळ नाही. तो आईचं सगळं करायचा, पण केस विंचरायला बसला की त्याचा हात चालेना. म्हातारी कण्हायची. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या हातातून फणी घेतली.

दवाखाना सुटल्यावर त्याचे फोन येऊ लागले. आधी अम्माच्या तब्येतीचे. मग माझ्या शाळेचे, त्याच्या जुन्या रस्त्यांचे. तो मला मॅडम म्हणायचा, मी त्याला ड्रायव्हर साहेब. दीड वर्षाने एकदा तो म्हणाला, "मॅडम, मले गोष्टी करायले कोणी नाई. तुमालेही नसन, तर पाहा." एवढंच. मी महिनाभर पाहिलं आणि मग घरी सांगितलं.

प्रवीण चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी जेवता जेवता म्हणाला, "त्या माणसाले बायको नाई पाह्यजे, आई. त्याच्या मायले पाहनारी बाई पाह्यजे. तू फुकटची भेटून राह्यली." ही शंका मला आधीच येऊन गेली होती. ते वाक्य मी सोबत घेऊनच गाडीत बसले.

गडचिरोलीच्या बुद्धविहारात वंदना झाली, हार घातले. माझ्याकडून बहीण आणि तिचा नवरा, त्यांच्याकडून डेपोतले तीन मित्र. दुपारी आम्ही सिरोंच्याची गाडी धरली. आलापल्लीनंतर दोन्ही बाजूंना सागवान सुरू झालं आणि रस्ता इतका उखडलेला होता की बोलायची सोय नव्हती. समय्या प्रत्येक वळणाच्या आधीच समोरची दांडी धरायचे. गाडी दुसरा चालवत होता, पण वळणं यांना पाठ होती.

दिवेलागणीला घरी पोचलो. तीन खोल्यांचं कौलारू घर. मधल्या खोलीत खाटेवर अम्मा. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि विचारलं, "तिन्नावा, बिड्डा?" मला वाटलं, कोण तू, असं विचारते आहे. मी माझं नाव सांगितलं. तिने पुन्हा तेच विचारलं. समय्या म्हणाले, "जेवली का म्हनते." मी नाही म्हटलं, आणि ती जवळजवळ आंधळी म्हातारी मुलावर रागावली की सुनेला उपाशी कसं आणलंस.

त्यानंतरचे आठ महिने अम्माचेच होते. आंघोळ, तेल, औषधं, कूस बदलणं, चादरी धुणं. समय्या निम्म्याहून जास्त करायचे आणि मला कधी काही सांगायचे नाहीत. पहाटे उठून चहा तेच ठेवायचे, पहिली गाडी काढायच्या सवयीने. तरी दुपारी अम्माला भरवून पाठ टेकली की कंबर दुखायची, आणि प्रवीणचं बोलणं उशाशी येऊन बसायचं. खरंच मी कशासाठी आले? समय्यांना विचारायची हिंमत झाली नाही. आमचं बोलणं अम्माने किती खाल्लं आणि गोळी दिली का, एवढ्यावरच थांबायचं.

गाव हळूहळू अंगवळणी पडलं. पाण्याला नीळ्ळु, वरणाला पप्पू म्हणायला लागले. मिरचीवाली मला टीचरम्मा म्हणू लागली. आरमोरीत मी मुलांचे उच्चार सुधारले. इथे सात-आठ वर्षांच्या पोरी माझे उच्चार सुधारत, आणि माझ्याहून जास्त धीराने.

श्रावणात नद्या चढल्या आणि रस्ता बंद पडला. फोनही बंद. आठ दिवस आरमोरी जगाच्या नकाशावर नव्हती. फोन सुरू झाला तेव्हा वैशालीने सांगितलं की मैत्रीला ताप चढला होता, सलाईन लावावी लागली, आता बरी आहे. नात आजारी होती आणि मी दुसऱ्याच्या आईला पेज भरवत होते. त्या दिवशी मी मागच्या विहिरीवर जाऊन रडले. समय्या दारापर्यंत आले आणि परत गेले. दारातली रिकामी घागर तेवढी त्यांनी आत नेली.

धम्मचक्र दिनाला मी एकटीच आरमोरीला गेले. माझी खाट होती तिथे शिलाई मशीन आलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं, खिडकीपाशी उजेड चांगला येतो. चहा मात्र मला पाहुण्यांच्या कपात मिळाला, बशीसकट. मैत्रीने विचारलं, "आजी, तू किती दिवस राह्यशीन?" प्रवीण नीट वागला, पाहुण्यांशी वागावं तसा. निघताना फक्त म्हणाला, "म्हातारी कशी हाये?" तो काय विचारत होता ते मला कळलं: मी परत कधी येणार.

माघात अम्मा गेली. दुपारी दोन घास पेज खाल्ली, माझं बोट धरून झोपली आणि उठली नाही. बोट सोडवून घ्यायला मला वेळ लागला. सगळा गाव आला होता. बाया तेलुगूत रडत होत्या आणि मला प्रत्येक शब्द कळत होता.

दुसऱ्या दिवशी प्रवीणचा फोन आला. त्याने दुःख व्यक्त केलं, मनापासून केलं. मग म्हणाला, "आता तं झालं ना, आई. येऊन जा." मी म्हटलं, अम्माच्या मागचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊ दे.

तो कार्यक्रम झाला, माणसं पांगली. मधल्या खोलीतली खाट धुऊन अंगणात उभी केली होती. समय्या उंबऱ्यावर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, तुमी अम्माची दया येऊन आल्या असान तर मी काई म्हननार नाई. गाडीत बसवून देतो. लोकायले मी समजावतो."

मी खाली बसले. जी शंका मी वर्षभर वागवली तीच त्या माणसानेही वागवली होती, दुसऱ्या टोकाने. मला वाटायचं, यांनी मला आईसाठी आणलं. यांना वाटायचं, मी आईसाठी आले. आणि अम्माच्या आडोशाला आम्ही दोघंही निवांत होतो. खरं विचारायची वेळ येत नव्हती.

मग मी विचारलं. "तुमी मले कायच्यासाठी आनलं?"

ते अंगणातल्या खाटेकडे बघत म्हणाले, "गोष्टी करायले. सांगतलं होतं ना." आणि थोड्या वेळाने, "पन गोष्टी झाल्याच नाई."

"मंग आता करू," मी म्हटलं.

म्हणणं सोपं होतं. त्यानंतरचे पंधरा दिवस आम्ही नव्या नवरा-बायकोसारखे अवघडून वावरलो, आणि आमचं वय मिळून सव्वाशेच्या जवळ. दोन ताटं समोरासमोर आली की कोणी काय बोलावं कळेना. मग एका संध्याकाळी त्यांनी अहेरीच्या पुढे पुरात अडकलेल्या गाडीची गोष्ट काढली, बाळंत व्हायला निघालेली एक बाई आत होती ती. मी पहिलीच्या वर्गातल्या, वर्षभर एक शब्द न बोललेल्या मुलीची सांगितली. भात निवला. तेव्हापासून रोज एक तरी गोष्ट होते. त्यांचं मला मॅडम म्हणणं मात्र सुटलेलं नाही.

प्रवीणला मी फोन करून सांगितलं की मी इथंच राहणार. त्याने फोन ठेवून दिला. दोन महिने आमचं बोलणं वैशालीमार्फत चाललं.

मे महिन्यात तो मैत्रीला घेऊन आला. न कळवता, भर उन्हात, आठ तासांचा प्रवास करून. दोन दिवस राहिला. समय्यांना त्याने काहीच म्हणून हाक मारली नाही, काका नाही की भाऊ नाही. पण तो बघत होता. पहाटे समय्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला, तेव्हा तो ओसरीवर जागाच होता. निघायच्या आधी म्हणाला, "बाबानं कदी तुले चाय करून नाई देल्ला."

"नाई देल्ला," मी म्हटलं. "पन लग्न झाल्यावर डीएडले त्यायनंच पाठवलं. दोन वर्सं सायकलवर डबल सीट नेलं. लोक हासत होते. तुह्या बाबाच्या जागेवर कोनी बसलं नाई, प्रवीण. ती जागा त्यायचीच हाये."

त्याने पिशवी भरायला घेतली. समय्या मैत्रीला नदीचा पूल दाखवून परत आले. आम्ही स्टँडवर गेलो. समय्यांनी ड्रायव्हरला सांगून पोरीला पुढची खिडकी मिळवून दिली. गाडी सुटता सुटता प्रवीण खिडकीतून वाकला आणि म्हणाला, "मंडईले येजा. दोघंही."

मंडईला अजून पाच महिने आहेत. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, नाटकं होतात, लेकी माहेरी येतात. मी जाईन. समय्यांना नाटकातलं पल्लेदार मराठी सगळं कळणार नाही, मी शेजारी बसून सांगेन. चार लोक वळून बघतील, बघू देत. तिथे मी लेक म्हणून जायची की आई म्हणून की पाहुणी म्हणून, हे मला अजून ठाऊक नाही. आरमोरीचं घर मी वीट वीट करून बांधलं. तिथल्या माणसांवाचून माझा एक दिवस जात नाही, आणि हे मी कधी कोणापासून लपवणार नाही. पण तिथे चार दिवस झाले की मी परतीच्या गाडीची वेळ विचारू लागेन. अर्धवट राहिलेली एखादी गोष्ट इथे सांगायची असेल.