साळुंकीच्या संसारात माझी लुडबुड

सेकंड शिफ्ट असली की माझी सकाळ मोकळी असते, आणि मोकळ्या सकाळी माझ्या हातून काहीतरी घडतंच. त्या मे महिन्यात भिलाईच्या आमच्या क्वार्टरच्या अंगणात मी एका साळुंकीला आईपण शिकवायला गेलो.

तिचं पिल्लू नुकतंच घरट्यातून खाली उतरलं होतं. अंगानं जवळजवळ तिच्याएवढं; पण पंख थरथरवत, पिवळीधम्मक चोच फाडून तिच्यामागे असं धावायचं, की वाटावं, याला जन्मात कुणी घास दिला नसावा. ती नाकतोडा धरून चार पावलं पुढे चालायची, मागे बघायची, पुन्हा पुढे. द्यायची नाही. कधी सरळ नळाच्या पाइपवर जाऊन बसायची, आणि पिल्लू खाली बोंबलत उभं.

मला काही बघवेना. मी सत्तूचं पीठ भिजवलं. प्लांटात क्रेनवरून वितळलेलं लोखंड थेंबभर न सांडता नेणारा माणूस मी; एवढीशी चोच ती काय! खराट्याच्या काडीवर गोळी लावून नेमकी घशात सोडली. पिल्लानं गिळली आणि पुन्हा चोच उघडली. इतका मान मला एकाही फोरमननं दिला नव्हता.

"कावून लाडावून राहिले त्याले?" कपडे वाळत घालता घालता बायको म्हणाली. तिचं लहानपण गोंदियाकडच्या शेतात गेलेलं. पाखरांच्या बाबतीत तिचं ऐकायला हवं होतं. "त्याची माय त्याले वर बोलावून राहिली."

"माय कायची? कसाईन आहे!" मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी पिल्लू सकाळपासून आमच्या पायरीवर. माझ्या नुसत्या चपलेकडे बघूनही चोच उघडायचं. आई पाइपवरून हाका मारी, हे वळूनही बघत नसे. मी छाती फुगवून उभा होतो, तेवढ्यात स्कूटरखाली मागच्या गल्लीतला बोका दिसला. पाय पोटाशी घेऊन, अगदी निवांत.

"घ्या," बायको म्हणाली. "बोक्याचं ताट वाढून ठेवलं तुमी."

मी धावून त्याला हाकललं. तो दहा पावलांवर जाऊन अंग चाटत बसला. माझी ड्यूटी दोनला सुरू होते हे त्याला ठाऊक असावं.

"पिल्लू घरात घेऊ?"

"अन् जन्मभर सत्तू चारता?" तिनं मला दंडाला धरून आत ओढलं आणि जाळीच्या दाराची कडी लावली. "आता दिसूच नका त्याले."

स्वतः मात्र खिडकीशी काठी घेऊन उभी राहिली. पिल्लू जाळीसमोर येऊन ओरडू लागलं. तासभर. माझाच घसा सुकला. दोनदा उठलो, दोनदा "बसा!" ऐकून बसलो.

मग आई आली, चोचीत लांबलचक अळी लोंबत. पाइपवर बसली. पिल्लानं त्या दिवशी पहिल्यांदा तिकडे तोंड वळवलं, धावत पाइपखाली गेलं. ती उडून पेरूच्या खालच्या फांदीवर बसली. बोका उठला. माझा हात कडीवर. पिल्लानं उडी घेतली, खोडावर छाती आपटली आणि खाली पडलं. बोका दोन पावलं सरकला. बायकोनं खिडकीच्या गजांवर अशी काठी हाणली, की बोका दचकला, मी दचकलो, आणि पिल्लू दचकून फडफडत कसंबसं फांदीवर पोचलं.

आईनं सरकून अळी त्याच्या घशात घातली. लगेच स्वतः एक फांदी वर गेली.

"आता जा ड्यूटीवर," बायको म्हणाली.

मी बाहेर आलो. पायरीवर उभा राहिलो, थोडा खाकरलोही. पिल्लानं चोच उघडली, मान वर करून, आईकडे. बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू.