मौला मुलाण्याची पायरी

पौडच्या बाजारात कासरे, दावी आणि सुतळी विकणारा मौला मुलाणी दिलेल्या शब्दाला फार जागायचा. त्याच्या बायकोच्या, हसिनाच्या मते हेच त्याचं दुखणं होतं.

चौऱ्याहत्तर साली रेल्वेच्या मोजणीची माणसं दोर घ्यायला त्याच्याकडे आली. देशभर जलद गाड्यांचं जाळं विणायचं आणि त्यातली एक वाट मुळशीतून ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात न्यायची, अशी आखणी चालली होती. मालाचा डबा नाही, नुसती माणसं वाऱ्यासारखी जाणार. मौलाच्या दारात अखंड काळ्या दगडाची पायरी होती. मोजणीच्या साहेबांनी तिच्यावर छिन्नीनं बाण कोरून घेतला.

"घाटापर्यंतच्या सगळ्या उंच्या आम्ही या खुणेवरून धरल्यात," साहेब म्हणाले. "पायरी बोटभर हलली, तर सगळं गणित चुकेल. सांभाळाल ना?"

"सांभाळतो, साहेब."

साहेब गेले ते गेलेच. दर वर्षी अंदाजपत्रकाच्या सुमाराला मौला चहाच्या हॉटेलात बसून पेपर चाळायचा. कधी 'विचाराधीन' असं छापलेलं असायचं, कधी काहीच नसायचं. इकडे दर खडीकरणाला रस्ता चार बोटं वर येत गेला आणि घर खाली राहिलं. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी थेट चुलीपर्यंत यायचं. जोतं उचलायचं तर आधी पायरी काढायला हवी, आणि मौला पायरीला कुणाला हात लावू देत नव्हता.

"तुमच्या साहेबाला बोलवा," परातीनं पाणी उपसताना हसिना म्हणायची. "म्हनावं पायरी तुमची, तर पानी बी तुमीच काढा."

शेजारचा गेणबा गवंडी हसायचा. "मौलाभाई, गाडी आली की पयलं तिकीट मला बरं का!"

अशी दहा वर्षं गेली. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मुनीराचा, त्यांच्या एकुलत्या लेकीचा, सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ऐन आषाढात. या खेपेला हसिनानं टोमणा मारला नाही.

"वल्या भुईवर मी पोरीला निजवायची न्हाई," ती म्हणाली. "जोतं उचलत नसाल तर तसं सांगा. ऱ्हाऊ दे तिला सासरीच."

मौला त्या रात्री जेवला नाही. सकाळी पहिल्या एसटीनं तो पुण्याला रेल्वेच्या कचेरीत गेला. या टेबलावरून त्या टेबलावर करता करता दुपार टळली. शेवटी चष्मा लावलेल्या एका कारकुनानं जुनं बाड काढलं आणि धूळ झटकली.

"हे काम केव्हाच बंद झालंय, चाचा. पैसाच मंजूर झाला नाही."

"कवा बंद झालं?"

"शहाहत्तर साली."

मौला बाडावर वाकला. मग म्हणाला, "उद्या पैसे मिळाले तर? माझ्या पायरीवर खूण हाय. घाटापतुर समदं तिच्यावरनं धरलंय."

कारकुनानं पानं उलटली. तो हसला नाही, याचं मौलाला पुढं बरेच दिवस बरं वाटत राहिलं. "पुन्हा निघालंच काम, तर पहिल्यापासून मोजतील. तुमची पायरी कुणी विचारणार नाही. तुम्ही खुशाल घर बांधा."

एसटीत जागा असूनही मौला पिरंगुटपर्यंत उभाच राहिला. बसायचं त्याला सुचलंच नाही. आठ वर्षं कुणाला गरज नसताना तो ती पायरी राखत होता.

दुसऱ्या दिवशी गेणबा पहार घेऊन आला. आज त्यानंही थट्टा केली नाही. दोघांनी जोर लावला, तशी पायरी सहज सुटली. खाली थोडा ओलसर मुरूम होता, बस्स.

दुपारपर्यंत मुरमाच्या दोन गाड्या दारात पडल्या. हसिनानं पदर खोचला आणि पाटी भरून डोक्यावर घेतली.

"नुसते बघत काय बसलायसा?" ती म्हणाली. "पोरीची बाज कुटं टाकायची ते सांगा. तितनं भरायला लागू."

मौलानं खिडकीखालचा कोपरा दाखवला. मग तोही उठला आणि हळूहळू मुरूम ओढू लागला.