पंख्यासमोरची खुर्ची

आमच्या संस्थेत डॉक्टरकी आणि संशोधन एकत्र शिकवणारा कोर्स आहे. मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला आमचा शिरवणे गावचा शिपाई आधी कॉलेज विचारतो. कॉलेज नावाजलेलं असलं, तर स्टँडच्या पंख्यासमोरची खुर्ची. नाहीतर दाराशी, चपलांच्या बाजूला.

"अहो, निवडताना आम्ही कॉलेज बघत नाही!" मी दर वर्षी वैतागतो.

"तुमी नका बघू सायेब, मी हाय ना बघायला!"

यंदा मुलाखतीला त्याचीच मुलगी आली, कुठल्याशा साध्या कॉलेजातली. गड्यानं तिलाही दाराशीच बसवलं. मग पंखा उचलून त्याचं तोंड दाराकडे केलं, आणि आत येऊन माझ्या कानाशी पुटपुटला, "सायेब, तुमी कालेज खरंच नाय बघत ना?"