डिट्झलरसाहेबांची तिसरी निवडणूक

ओहायोत न्यायाधीश लोकांनी निवडून द्यायचे असतात. व्हर्नन डिट्झलर राज्याच्या अपील न्यायालयावर पहिल्यांदा निवडून आले ते दुधामुळे. त्या भागात डिट्झलर डेअरीचं दूध घरोघरी जायचं. डेअरीवाल्यांशी साहेबांचा काडीचाही संबंध नव्हता. पण मतपत्रिकेवर ना फोटो, ना पक्ष, नुसती नावं. लोकांनी सकाळी ज्या नावाचं दूध प्यायलं होतं त्याच्यापुढे खूण केली. वीस वर्षांची वकिली आणि दहा वर्षांची खालच्या कोर्टातली न्यायाधीशी अशी सार्थकी लागली.

दुसऱ्या खेपेला समोर कोणी उभंच राहिलं नाही. तरीही साहेब भोपळ्याच्या जत्रेत उघड्या गाडीत बसून खाऊच्या गोळ्या उधळत फिरले, आणि बायकांना स्वतःचं नाव छापलेल्या नखं घासायच्या पट्ट्या वाटत सुटले. दुसरं करणार काय? न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने कुठल्याही खटल्याबद्दल आधीच शब्द द्यायचा नाही, असा तिथला नियम. "मी न्यायाने वागेन," एवढंच बोलता येतं, आणि तेवढं तर कोंबड्या चोरून उभा राहिलेला आरोपीही म्हणतो.

तिसऱ्या निवडणुकीत मात्र काइल ब्रँडबेरी नावाचा तरुण वकील उभा राहिला. दात पांढरेशुभ्र, बायको सुरेख, कुत्रा तर दोघांहून देखणा. चौकाचौकात त्या चौघांचे फलक लागले. चौथं बाळ होतं. साहेबांच्या घरात कुत्राही नव्हता.

त्यातच तो खटला आला.

साहेबांचं गाव एल्डन फोर्क. गावच्या शाळेचा फुटबॉल संघ कित्येक वर्षांनी बाद फेरीत पोचला होता, तो एका पोराच्या जिवावर. पोरगा राहायला शेजारच्या जिल्ह्यात, पत्ता दिलेला एल्डन फोर्कमधल्या मावशीचा; कारण खेळाडू गावातच राहणारा हवा, असा नियम. शालेय क्रीडा मंडळाने हे पकडलं, गावाचे सगळे विजय रद्द केले आणि बाद फेरीतली जागा कोल्बी गावाला दिली. एल्डन फोर्क कोर्टात गेलं. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशांनी तत्परतेने मंडळाच्या हुकमाला स्थगिती दिली; त्यांचा नातू त्याच संघात होता, हा निव्वळ योगायोग. मंडळ अपिलात आलं. तिघांच्या पीठात एक या बाजूचा, एक त्या बाजूचा, आणि मधे डिट्झलरसाहेब. सामना शुक्रवारी. मतदान पुढच्या मंगळवारी.

साहेब केस कापायला रस्टीकडे गेले. रस्टी म्हणजे शाळेपासूनचा दोस्त, गावचा न्हावी आणि संघाचा सर्वांत मोठ्या आवाजाचा पाठीराखा.

"मी खटल्याबद्दल एक अक्षर बोलणार नाहीये," कात्री चालवत रस्टी म्हणाला.

"बोलूच नकोस."

"नाही बोलत. फक्त मावशी म्हणजे आईच, एवढं सांगतो."

"रस्टी!"

"मान हलवू नकोस, कान जाईल. आणि एक कान गेलेल्याला मत कोण देणार?"

घरी बायकोला, लोर्नाला, साहेब म्हणाले, "निकाल बुधवारी दिला तर? मतदान झाल्यावर?"

"तोवर स्थगिती चालू. म्हणजे शुक्रवारी आपलं गाव खेळणार."

"हो."

"मग न देता दिलाच की निकाल," लोर्ना बटाटे सोलत म्हणाली. "व्हर्न, हरलास तर मला दिवसभर घरात तुझं तोंड बघावं लागेल. तरीही सांगते, लबाडी करून जिंकलेलं तोंड बघायला आणखी वाईट."

साहेबांनी गुरुवारी निकाल दिला. मावशी कितीही प्रेमळ असली तरी पोरगा तिच्या घरी एक रात्रही झोपला नव्हता. स्थगिती उठली. कोल्बी खेळलं, वर जिंकलंही.

मंगळवारपर्यंत एल्डन फोर्कमध्ये साहेबांच्या नमस्काराला उत्तर द्यायचीही कोणाची इच्छा राहिली नाही. ब्रँडबेरीने भाषणात कुत्र्याच्या गळ्यात संघाचा रुमाल बांधला. गावाने मतंही रुमाल बघूनच दिली. साहेबांना स्वतःच्या गल्लीत मिळाली त्याहून जास्त मतं एखाद्या मृत माणसाला मिळाली असती.

आणि तरीही साहेब निवडून आले. कोल्बीही साहेबांच्याच मतदारसंघात, आणि ते गावच्या गाव रांगेत उभं राहिलं होतं. सकाळी तिथल्या एका बाईंचा अभिनंदनाचा फोन आला.

"निकालपत्र वाचलंत का?" साहेबांनी मोठ्या आशेने विचारलं.

"छे हो! सामना बघितला ना!"

साहेब फोन ठेवून रस्टीच्या दुकानात गेले. लोर्ना म्हणत होती, महिनाभर जाऊ नको. पण पुढची सहा वर्षं कोल्बीत केस कापायचे ही कल्पनाच त्यांना सोसेना. रस्टीने त्यांना बघितलं, खुर्ची झटकली आणि तोंड घट्ट मिटून काम सुरू केलं. पंचेचाळीस वर्षांत त्या दुकानात असली शांतता झाली नव्हती. कात्रीलाही चुकल्यासारखं वाटत असावं. हरलो असतो तर बरं झालं असतं, असं साहेबांना पहिल्यांदाच वाटलं.

मानेवरचे केस काढता काढता शेवटी रस्टीला राहवलं नाही.

"त्या पोराच्या बापाने गावात घर घेतलंय. खरंखुरं. सामानासकट आलाय. आता पुढच्या वर्षी कर काय करायचं ते!"

"मी खटल्याबद्दल आधी काही बोलू शकत नाही."

"गाढवा," रस्टी म्हणाला, आणि साहेबांच्या मानेवर गार पाण्याचा मोठा फवारा मारला.

साहेबांना इतकं बरं निवडून आल्याच्या बातमीनेही वाटलं नव्हतं.